खुब्याच्या सांध्याचे चार निकष : एक चिकित्सा

लंगडणारे किंवा पाय टेकण्यास नकार देणारे मूल वैद्यापुढे येते, तेव्हा प्रामुख्याने दोन शक्यतांचा विचार करावा लागतो. खुब्याच्या सांध्याच्या अस्तरास आलेली सूज अल्पकालिक असेल, किंवा सांध्यात जंतू शिरून पू झाला असेल. पहिल्या विकारास विश्रांती व वेदनाशामक औषध पुरते. दुसऱ्यात मात्र कूर्चेचा नाश त्वरित सुरू होतो आणि सांध्यातील दाब वाढून मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे भय असते. या दोहोंतील भेद ठरविण्यासाठी बोस्टन येथील मिनिंदर कोचर व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये चार निकष प्रसिद्ध केले. (रोमन लिपीत आडनावाचे लेखन सारखेच असल्यामुळे १९०९ चे नोबेलविजेते स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांच्याकडे त्यांचे श्रेय जाण्याचा संभव आहे, ते चुकीचे होय.)

ताप, पायावर भार न घेणे, रक्तकणांच्या अवसादनाचा वेग ताशी ४० मिलिमीटर वा अधिक आणि श्वेतपेशींची संख्या १२,००० हून अधिक, असे हे निकष आहेत. एकही नसल्यास पूयजन्य विकाराची शक्यता ०.२ टक्क्यांहून कमी. एक असल्यास ३, दोन असल्यास ४०, तीन असल्यास ९३.१ आणि चारही असल्यास ९९.६ टक्के, असे मूळ प्रबंधात सांगितले आहे. या आकड्यांचा रेखीवपणा मोहक आहे, आणि नेमका तोच शंकास्पद वाटतो.

मूळ अभ्यास १९७९ ते १९९६ या काळातील जुन्या नोंदींवर आधारलेला आहे. विश्लेषणात घेतलेल्या १६८ मुलांपैकी ८२ पूयजन्य गटातील होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. मोठ्या रुग्णालयात निवडून आलेल्या मुलांत हे प्रमाण स्वाभाविक असले, तरी सामान्य दवाखान्यात अल्पकालिक सूजच कितीतरी अधिक आढळते. तेथे त्याच चार लक्षणांचा अर्थ तोच राहत नाही. कोचर यांनीच २००४ मध्ये नव्या रुग्णांवर निकष पडताळले, तेव्हा तीन निकषांची शक्यता सुमारे ७३ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी सेंट लुई येथील लुमान व सहकाऱ्यांना चारही निकष असताना ती अवघी ५९ टक्के आढळली. असे असूनही पाठ्यपुस्तके व टाचणे यांतून फिरतात ते प्रामुख्याने १९९९ चेच आकडे, आणि तेही ज्या रुग्णसमूहातून ते निघाले त्याचा उल्लेख न करता.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्या ८२ मुलांपैकी केवळ ३८ जणांचे निदान निश्चित मानले गेले. उरलेली ४४ ‘संभाव्य’ होती, म्हणजे सांध्यातील द्रवात पेशी विपुल, परंतु जंतू वाढला नाही. हा जंतू कोणता असू शकतो? बीरशेबा येथील पाब्लो यागुप्स्की व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले की, सांध्यातील द्रव रक्तसंवर्धनाच्या बाटलीत घातल्यास ‘किंगेला किंगी’ हा नेहमीच्या माध्यमावर सहसा हाती न लागणारा जंतू सापडू शकतो. तो विशेषतः सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांना ग्रासतो. ताप अनेकदा सौम्य असतो वा नसतोच, आणि रक्ततपासणीही फारशी बोलत नाही. अशा बालकाच्या बाबतीत निकष मौन पाळतात, आणि हे मौन निर्दोषपणाचे प्रमाणपत्र समजले जाते.

उपचाराच्या क्षेत्रात मात्र जुन्या समजुतीची तपासणी अधिक काटेकोरपणे झालेली दिसते. फिनलंडमधील पेल्टोला व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १३० मुलांवर १० व ३० दिवसांच्या प्रतिजैविक उपचारांची तुलना केली. सुधारणा दिसत असल्यास अल्प उपचार पुरेसा ठरला. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची उतरती पातळी हा तेथे औषध थांबविण्याचा आधार होता. नवजात अर्भके वा हट्टी जंतू यांना हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही, हे खरे. परंतु येथे कालावधी ठरतो तो रुग्णाच्या प्रगतीवरून.

दोन निकष असलेल्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या मुलाचे काय करावे, याचे उत्तर कोष्टकात नाही. सोनोग्राफी सांध्यात द्रव आहे एवढेच सांगते. तो पू आहे की नाही हे सांगत नाही. शंका टिकून असेल तर सुईने द्रव काढणे, तो पेशीगणनेस पाठविणे व त्याचा काही भाग रक्तसंवर्धनाच्या बाटलीत घालणे, आणि मुलाची प्रकृती परवानगी देत असेल तर हे सर्व प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी करणे, एवढेच उरते.