मुक्तिदिनाचे नाटुकले आणि वगळलेला अंक

दोन ऑगस्ट हा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. त्यानिमित्त सिल्वासा येथील डोकमर्डी भागात शाळकरी मुलांनी सादर केलेले एक नाटुकले आम्ही पाहिले. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण याच साच्याची नाटुकली आम्ही पूर्वीही पाहिली आहेत. पोर्तुगीज शिपाई आसूड उगारतो, आदिवासी वेषातील मुले तारप्यावर नाचतात, लाकडी बंदुका घेतलेले स्वयंसेवक धावून येतात, झेंडा चढतो आणि पडदा पडतो.

मुलांनी कामे गोड केली. शिपायाची मिशी दोनदा गळाली, तरी तो डगमगला नाही. आमची तक्रार आहे ती संहितेविषयी. १९५४ सालचे शौर्य खोटे नव्हते. २२ जुलैस दादरा, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि आझाद गोमंतक दल यांचा त्यातील वाटा गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. सुधीर फडके यांच्यासारखा सुरांत रमणारा माणूसही त्या साहसात उतरला होता. परंतु झेंडा चढताच पडदा टाकणारा लेखक कथेचा उत्तरार्ध कापून टाकतो, आणि नागरिकशास्त्राचा खरा धडा नेमका त्या उत्तरार्धात आहे.

पुढील सात वर्षे हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात नव्हता आणि राज्यघटनेनुसार भारतातही आलेला नव्हता. कारभार पाहिला तो वरिष्ठ पंचायतीने. दरम्यान पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १७७९ च्या पुणे तहाचे कागद तेथे उलगडले गेले. पेशव्यांनी या गावांचे राज्य दिले होते की नुसता वसूल? सनदा पाहून न्यायालयाने ठरविले, की दिली होती ती सालिना बारा हजार रुपयांची जहागीर अथवा सरंजाम. हे आपले दफ्तरी शब्द हेगच्या निकालपत्रात जसेच्या तसे उतरले आहेत! इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व पुढे मान्य झाले, हेही न्यायालयाने नाकारले नाही. तथापि सशस्त्र दले नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी झाला. पुढे पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करावयास कोणी अधिकारी हवा, म्हणून के. जी. बदलानी हे सनदी अधिकारी एका दिवसापुरते येथील पंतप्रधान झाले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतात आला. एका दिवसाचा पंतप्रधान! बालनाट्याला याहून सरस पात्र कोठून आणावे? आमच्या लेखकाला ते दिसलेच नाही.

अखेरच्या घोषणांच्या वेळी विंगेतून कोणी मोठी व्यक्ती "अजून मोठ्याने!" असे सारखे बजावीत होती. देशप्रेम शिकवावे की वदवून घ्यावे, हा वाद अमेरिकेतही झाला आहे. तेथील शाळांत १८९२ पासून ध्वजप्रतिज्ञा रुजली. सक्तीच्या ध्वजवंदनास १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने संमती दिली. मात्र अवघ्या तीन वर्षांत, आणि तेही महायुद्ध चालू असता, त्याच न्यायालयाने स्वतःचा निर्णय फिरविला. आपल्याकडे केरळातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आत घ्यावयास लावले. मोठ्याने न ओरडणारे मूलही देशाचेच असते, हे विंगेतल्या त्या व्यक्तीस कोणी सांगावे?

आम्हांस सर्वाधिक खटकली ती तारप्यावरची मुले. त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्यांनी छळ सोसायचा, नाचायचे आणि इतरांकडून मुक्त व्हायचे! ज्या प्रदेशाने सात वर्षे पंचायतीच्या हाती कारभार ठेवला, तो २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडला गेला आहे. या जोडप्रदेशाला विधानसभा नाही. ती का नाही, असे यांपैकी एखाद्या मुलीने विचारावे एवढी तरी तयारी अशा नाटुकल्याने करावयास हवी होती.

पुढील वर्षी लेखकाने एक करावे. तारपा थांबला की मुलांना आत धाडू नये. तेथेच बसवावे, ठराव वाचू द्यावा, हात वर करू द्यावेत. एखाद्याने हात वर केला नाही, तरी त्याला तसेच बसू द्यावे. लाकडी बंदुका तेवढा वेळ विंगेत ठेवता येतील.