‘पण’ आणि ‘परंतु’

‘पण’ बोलण्यासाठीं आणि ‘परंतु’ लिहिण्यासाठीं, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. समज सोयीचा खरा. पण तो पुरेसा नाहीं, असें आमचें मत आहे.

शालेय व्याकरणांत हे दोन्ही शब्द न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययांत एकाच ओळींत बसविलेले आढळतात. वर्ग एक म्हणून काम एक, असें मात्र होत नाहीं. विक्रोळीसारख्या उपनगरांत मराठी, गुजराती व हिंदी या भाषा एकाच जिन्यावर कानीं पडतात. तेथें ‘मी पण येतों’ हें वाक्य नित्याचें आहे. त्यांतील ‘पण’ म्हणजे ‘सुद्धां’. गुजरातींतहि ‘पण’ या शब्दास हे दोन्ही अर्थ आहेत.

आतां अशी कल्पना करा कीं, कन्नमवारनगरांतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेनें फलकावर लिहिलें, ‘कार्यालय रविवारीं पण सकाळींच उघडें राहील.’ इतर दिवसांप्रमाणें रविवारींहि कार्यालय सकाळीं उघडतें, कीं केवळ रविवारीं, आणि तेंहि सकाळपुरतें? बोलणारा आवाजाच्या चढउतारानें हा संशय दूर करील. फलकाला आवाज नाहीं. बुधवारीं रजा घेऊन आलेला सभासद कुलूप पाहून परत जाईल, तो या दोन अक्षरांमुळें. तेथें ‘परंतु’ किंवा ‘रविवारींहि’ लिहिलें असतें तर घोटाळाच नव्हता. ‘परंतु’चा खरा गुण त्याचें संस्कृतपण नव्हे, त्याची एकार्थता होय. कायद्याच्या मराठींत कलमाचा अपवाद ‘परंतु’ या शब्दानें सुरू होतो, आणि त्या भागाला नांवहि ‘परंतुक’ असेंच आहे.

याच्या उलट दोष म्हणजे प्रौढीच्या हौसेनें सर्वत्र ‘परंतु’ पेरणें. ‘आई, सुखरूप पोंचलों, परंतु छत्री विसरलों’ असें घरच्या पत्रांत लिहिणारा मुलगा अशुद्ध लिहीत नाहीं. तो आईपासून दूर जातो इतकेंच.

शब्दाची प्रौढी त्याच्या कुळावरहि ठरत नाहीं. ‘आणि’पेक्षां ‘व’ अधिक भारदस्त, असें कचेरीच्या मराठीस वाटतें. पण ‘व’ हें अव्यय मूळ अरबी, तें फारसीच्या मार्गानें आमच्याकडे आलें. ‘आणि’ मात्र शके १२१२च्या ज्ञानेश्वरींत ठायीं ठायीं आहे. म्हणून ‘व’ टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. ‘मालक व भाडेकरू’ अशी शब्दांची जोडी तो आटोपशीर बांधतो. दोन पूर्ण वाक्यें जोडतांना ‘आणि’ कानास अधिक मोकळें वाटतें.

सारांश, निवड करतांना आधीं अर्थ पाहावा. एका अव्ययानें संशय उत्पन्न होत असेल तर दुसरें घ्यावें. होत नसेल तर समोर कोण आहे तें पाहावें. केवळ भारदस्तपणासाठीं शब्द बदलणें हें शुद्ध लेखनाचें लक्षण नव्हे.