फिलर : मराठी साहित्यातल्या अनाम फुलांविषयी

मागच्या वर्षी यवतमाळातल्या एका पुस्तक प्रकाशनाला वक्ता म्हणून गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर नेहमीप्रमाणे हातात पुष्पगुच्छ आला. असे गुच्छ आजवर पुष्कळ घेतले आणि त्यांतले बहुतेक परतीच्या ऑटोतच विसरलो. हा मात्र घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलावर समोर असताना वाटले, यात काय काय आहे ते लिहून काढावे. कागद घेतला. 'गुलाब' एवढे सहज लिहून झाले. मग दोन मोठी, चकतीसारखी केशरी फुले होती. त्यांना जरबेरा म्हणतात, हे ऐकून माहीत होते. त्यांच्यामागे बारीक पांढऱ्या फुलांचा धुक्यासारखा झुपका, पिसासारखा मऊ हिरवा पाला, पिवळ्या कडेची लांबट चकचकीत पाने आणि एक खवल्याखवल्यांची हिरवी फांदी. यांतल्या एकाचेही नाव मला लिहिता येईना. तीस वर्षे मराठी कविता शिकवली, शेकडो कवितांमधली फुले मुलांना समजावून सांगितली, आणि हातातल्या गुच्छातल्या सहा जिनसांपैकी एकाचेच नाव मला आपल्या भाषेत ठाऊक होते.

गुच्छ घेऊन बाजारातल्या फुलवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे नुकताच नागपूरहून माल आला होता. जरबेऱ्याच्या दहादहाच्या जुड्या, प्रत्येक फुलावर प्लास्टिकची टोपी. तो म्हणाला, "हा जरबेरा, हे जिप्सी. बाकी सारं फिलर." फिलरला काही नाव नाही का, असे मी विचारले. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "नाव कायले पायजे सर? जागा भरते, झालं."

त्याच्या धंद्यापुरते हे उत्तर चोख होते. मला ते लागले, ते मराठी साहित्याच्या बाजूने. आपल्या कवितेतली फुले तरी याहून वेगळे काय करीत आली आहेत, असा प्रश्न त्या दिवसापासून मनात आहे. त्याचा माझ्या परीने घेतलेला हा शोध.

१

सुरुवात अगदी जुन्या पुस्तकापासून करतो. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांच्या संग्रहात, फुले भरपूर आहेत. पण ती कोणाच्या तरी हातात, शेतात किंवा पायवाटेवर आहेत. एका गाथेत पळसाच्या फुलांनी झाकलेली जमीन बुद्धाच्या पायांशी लोटांगण घालणाऱ्या भिक्षुसंघासारखी दिसते. एका गाथेत कापसाचे शेत आहे. त्याची पहिली नांगरणी सुरू होताना एका स्त्रीचे हात थरथरतात, कारण पीक उंच झाल्यावर तिथे काय घडायचे आहे हे तिला ठाऊक आहे. आणि फुले ओवून विकणारी माळीणही तिथे आहे, तिच्या हातांच्या हालचालींसकट. पळस, कापूस आणि माळीण एकाच पुस्तकात एकाच मोलाने नांदतात. स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ १९५६ साली मराठी वाचकांपुढे ठेवला. यवतमाळ जिल्ह्यात बसून तो वाचताना मला तो परका वाटत नाही. पळस आणि कापूस वजा केले, तर या जिल्ह्यात उरते काय?

तिथून थेट १८५४ मध्ये येतो. त्या वर्षी सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात जाई आहे, पिवळा चाफा आहे, गुलाब आहे. म्हणजे फुलाला जात आहे, नाव आहे. हे मला योगायोगाचे वाटत नाही. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, त्या घराचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामामुळे ते 'फुले' झाले. फूल हा त्या घराचा व्यवसाय होता. हार करणाऱ्याला 'फूल' म्हणून भागत नाही. कोणते, किती, कधी तोडलेले आणि किती वेळ टिकणारे, हे त्याला सांगावेच लागते.

पुढे मात्र मराठी कवितेची वाट बदलली. बालकवींच्या 'फुलराणी'चेच पाहा. मराठीतली सर्वांत लाडकी फुलाची कविता ती, पण ते फूल कोणते? ते सांगितलेले नाही. बालकवींचा तो दोष नव्हे. त्यांना परीकथा रचायची होती आणि तिच्यातल्या राजकन्येला आडनाव नसले तरी चालते. अडचण झाली ती नंतर. बालकवींची प्रतिभा मागे राहिली आणि त्यांचे नुसते 'फूल' पुढे गेले. 'फुले', 'कळ्या', 'सुमने' हे शब्द ओळीत मात्रा पुऱ्या करायला, यमक जुळवायला, कोवळेपणाची खूण म्हणून येऊ लागले. फुलवाल्याच्या भाषेत सांगायचे तर जागा भरू लागले.

जी थोडी नावे उरली, त्यांचीही उतरंड लागली. वर जाई, जुई, मोगरा, प्राजक्त, बकुळ, खाली झेंडू. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या विडंबनांच्या संग्रहाला 'झेंडूची फुले' हे नाव दिले, त्यातच ही उतरंड पुरती दिसते. नाजूक कवितेची टिंगल करायची, तर हातात झेंडूच घ्यायला हवा, हे लेखकालाही कळत होते आणि वाचकालाही. दसऱ्याला ढिगाने विकले जाणारे, म्हशीच्या शिंगापासून मोटारीच्या बोनेटपर्यंत कुठेही बसणारे फूल काव्यात आले की हसू येते, हे आपण ठरवून टाकले होते.

२

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. गुच्छातली फुले परदेशी आहेत, त्यांना मराठी नाव आणि मराठी कविता कुठून मिळणार? हे उत्तर टिकत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबाक्षी आणि कर्दळ अमेरिका खंडातल्या, सदाफुली मादागास्करची. ज्या पांढऱ्या चाफ्यावरून आपण गहिवरतो, तोही अमेरिकेतून आलेला. यांतले कोणतेही फूल आज आपल्याला परके वाटत नाही. मग फूल आपले होते कसे?

गलांडा या शब्दाकडे पाहावे. एका फ्रेंच न्यायाधीशाच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका फुलाला 'गॅलार्डिया' म्हटले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ते लावले, तोडले, करंडीत भरले, आडत्यापुढे ओतले, आणि या प्रवासात त्याचा 'गलांडा' झाला. तसाच ॲस्टरचा 'अष्टर' झाला. निशिगंधाची तर दोन नावे आहेत. कवितेत तो निशिगंध असतो, बाजारात गुलछडी. पहिले नाव रात्रीच्या वासाचे, दुसरे हातात धरलेल्या काडीचे. नाव देण्याचे काम इथे हातांनी केलेले आहे. कवी नंतर आला. काही ठिकाणी आलाच नाही.

पानांची गोष्ट आणखी बोलकी आहे. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका, आघाडा, डोरली, शमी, मरवा अशी पाने येतात आणि प्रत्येक पान नाव घेऊन वाहिले जाते. तिथे फिलर नाही. पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. तिथेही झाडाचे नाव आणि फांदीचे नाव वेगळे. गुच्छात मात्र पान अनाम झाले. खरे तर तो पिसासारखा पाला आमच्या जंगलातल्या शतावरीचा सख्खा भाऊबंद आहे; दोघांची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती एकच, ॲस्परॅगस. खवल्याखवल्यांची फांदी मोरपंखीची निघाली, जी निम्म्या यवतमाळच्या अंगणात उभी आहे. ओळखीची माणसे गर्दीत दिसावीत आणि आपण मान फिरवावी, तसे हे झाले. मांडवाच्या तोरणात ज्या लांब, लाटदार कडेच्या पानांना आपण अशोक म्हणतो, तो संस्कृत काव्यातला अशोक नव्हे, हेही किती जणांच्या ध्यानात येते?

जरबेरा हे नाव गेर्बर या जर्मन वैद्याच्या नावावरून आले. हे फूल दक्षिण आफ्रिकेतले, आणि महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसमध्ये ते आता सर्रास पिकते. ते लावणारे, काढणारे, त्याला टोप्या घालणारे हात मराठीच आहेत. त्यांनी त्याला काही टोपणनाव ठेवले असेल, तर ते अजून आपल्या साहित्याच्या कानावर आलेले नाही.

३

इथे दोन नावे घेतली नाहीत तर अन्याय होईल. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' हेही १९५६ चेच. बारा महिन्यांचे बारा रंग सांगताना त्यांनी झाडाला, फुलाला त्याचे नाव आणि त्याचा स्वभाव परत दिला. डॉ. शरदिनी डहाणूकरांनी 'फुलवा' आणि 'वृक्षगान'मधून तेच काम पुढे नेले, आणि त्यांना तर वैद्यकाचीही जोड होती. या पुस्तकांनी माझ्यासारख्या किती तरी वाचकांना डोळे दिले. तरीही एक मर्यादा मला दिसते. या लेखनातले फूल प्रामुख्याने झाडावरचे आहे. ते तोडले गेल्यावर, जुडीत बांधले गेल्यावर, भावाने विकले गेल्यावर काय होते, हा त्यांचा विषय नव्हता. तो विषय कोणाचाच झाला नाही, ही तक्रार त्या दोघींविषयी नाही, त्यांच्यानंतरच्या आपल्या सर्वांविषयी आहे.

आणि यात मीही आहे, ते आता सांगतो.

नव्वदच्या दशकात मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन करीत असे. एका वर्षी कापूसपट्ट्यातल्या खेड्यातून येणाऱ्या एका मुलाने कविता दिली. तिच्यात 'डोमकळी' हा शब्द होता. ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कपाशीचे फूल सकाळी उमलते तेव्हा फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि गळून पडते. मग दीड-दोन महिन्यांनी बोंड फुटते. पण गुलाबी बोंडअळी कळीत शिरली, तर ती पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते. फूल उमलत नाही. ते मिटलेल्या गुलाबासारखे दिसते, आणि पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याला डोमकळी म्हणतात. कवितेतला बाप सकाळी शेतात जातो आणि हातात एक डोमकळी घेऊन परत येतो, बोलत नाही, असे काहीसे होते. मी तो शब्द खोडला आणि तिथे 'कळी' लिहिले. डोमकळी कवितेत बसत नाही, असे मला वाटले. मुलगा काही बोलला नाही. कविता छापली गेली. बाप हातात कळी घेऊन घरी येतो, असा तिचा अर्थ झाला, म्हणजे उलटाच.

पुढे २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि काही वर्षे तो शब्द शिवारातूनही कमी ऐकू येऊ लागला. मग अळी परतली. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या काळात डोमकळी हा शब्द वर्तमानपत्रांत, कृषी विभागाच्या पत्रकांत, सगळीकडे होता. तो कवितेत नसण्याला माझ्यासारखे संपादक जबाबदार होते.

जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने मोठा वाद झाला, आणि अखेर उद्घाटन याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. कापसाच्या या जिल्ह्यात पती गमावलेली एक शेतकरी स्त्री. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. मी मांडवात होतो. येडे बोलत असतानाची शांतता मला आठवते. व्यासपीठावर फुले कोणती होती, हे आठवत नाही. तेव्हा पाहिलेच नव्हते.

आता त्या फुलवाल्याकडे जाणे-येणे असते. मध्यंतरी त्याने एक नवा माल दाखवला. पांढरी फुटलेली बोंडे असलेल्या वाळक्या काड्या, नीट कापून, बांधून ठेवलेल्या. मोठ्या शहरांत दिवाणखान्यातल्या फुलदाणीसाठी याला मागणी आहे, तो म्हणाला. मी विचारले, याला काय म्हणतात? "कॉटन स्टिक," त्याने सांगितले, आणि लगेच स्वतःच हसला. "पऱ्हाटी हाय सर. आपुन चुलीत घालतो ते."

हे नाव त्याला शोधावे लागले नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कपाटातून वार्षिक अंकाची जुनी प्रत काढली, ती कविता शोधली आणि 'कळी' या शब्दाच्या आधी शिसपेन्सिलीने 'डोम' लिहिले. छापील प्रती आता गावोगाव गेल्या आहेत, त्या दुरुस्त होणार नाहीत. तो मुलगा, आता मुलगा कसला, पन्नाशीकडे आलेला गृहस्थ, हा अंक वाचत असेल, तर त्याने मूळ ओळ मला पाठवावी. पुढच्या वेळी तशीच छापू.