तासात बोललं कोण? : खासगी ऑनलाइन इंग्रजी शिकवणीच्या फायद्यांची तपासणी



आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. संध्याकाळची सात-साडेसातची वेळ. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत आणि आतल्या खोलीत दार लोटून एक मूल मोबाइलसमोर बसलंय. कानात हेडफोन. बाहेर मधूनमधून ऐकू येतं, 'येस मॅम', 'ओके मॅम', 'थँक यू मॅम'. खासगी ऑनलाइन इंग्रजीचा तास चालू आहे. आई दाराशी कान देते आणि समाधानानं ओट्याकडे वळते. आमची शंका तिथूनच सुरू होते. अर्ध्या तासात मूल एवढंच बोललं असेल, तर त्या तासाचा फायदा झाला कुणाला?

'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. इंग्रजी शिकवणारे आम्ही काही जण आहोत. कुणी शाळेत शिकवतं, कुणी संध्याकाळी असे ऑनलाइन तास घेतं, तर कुणी स्वतःच्या मुलांना असे तास लावलेत. इथे बोलतोय एक जण, पण टिपणं सगळ्यांची आहेत. म्हणजे आम्ही या धंद्याच्या बाहेर उभे राहून दगड मारत नाही. आमचाही हात त्यात आहे. (हशा)

इंग्रजी शिकावं की नाही, हा वाद आज नको. तो आपल्याकडे केव्हाच निकालात निघालाय. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्येच इंग्रजीला माउली म्हटलं होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. म्हणजे मराठी शाळेतलं आजचं मूल दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसतं आणि तरी आईबाप वेगळे पैसे मोजून शिकवणी लावतात. का लावतात? जाहिरातीत फायदे छापलेले असतात म्हणून? आम्हाला तसं वाटत नाही. मूल इंग्रजी वाचतं, लिहितं, परीक्षेत गुणही मिळवतं, पण तोंड उघडत नाही, हे त्यांना दिसतं म्हणून लावतात.

यात आईबापांचं काही चुकत नाही. २०२३च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आली त्यांच्यातल्या ७३.५ टक्क्यांना अर्थही सांगता आला. ही वाचनाची गोष्ट झाली. बोलणं त्याहून पुढचं, आणि बोलायला शाळेत वेळ कुठे असतो? साधा हिशेब करू. तास ३५ मिनिटांचा आणि वर्गात ६० मुलं. बाईंनी एक अक्षर न बोलता सगळा तास मुलांना वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. पस्तीस सेकंदांत नाव, गाव आणि शाळा सांगून होते.

आता दुसरी बाजू. एकास एक शिकवणीत अर्ध्या तासातली १५ मिनिटं जरी मूल बोललं, तरी शाळेच्या पंचवीस-सव्वीस तासांत मिळाली असती तेवढी संधी त्याला एका संध्याकाळी मिळते. खासगी शिकवणीचा खरा फायदा आमच्या मते हाच आहे. बाकीचे फायदे याच्या मागून येतात, नाहीतर येतच नाहीत. आणि इथे 'जरी' या शब्दाला फार महत्त्व आहे. मूल १५ मिनिटं बोललंच नाही, तर उरतो फक्त घरबसल्या ऐकलेला वर्ग.

जाहिरातीत काय काय सांगतात, ते एकेक करून तपासू या.

पहिला फायदा सांगतात तो सोयीचा. हा खराच आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलीला संध्याकाळी एसटीनं क्लासला जायचं-यायचं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. ती घरात बसून शिकते ही लहान गोष्ट नव्हे. पण ही सोय शिकण्याची झाली, शिकवण्याच्या दर्जाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिवाय घरात स्मार्टफोन एकच असला आणि भाऊबहीण दोघंही शिकणारी असली, तर ती सोय कुणाच्या वाट्याला येते, हेही विचारायला हवं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरा फायदा, 'वैयक्तिक लक्ष'. याला मोठा शास्त्रीय आधार दिला जातो. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८४ साली एक निबंध लिहिला. एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असं त्यानं त्यात मांडलं. शिकवणीवाल्यांना याहून गोड वाक्य कुठे मिळणार? पण ब्लूमच्या त्या शिकवणीत फक्त एक शिक्षक आणि एक मूल एवढंच नव्हतं. एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही, मधे चाचणी, चाचणीतल्या चुकांची दुरुस्ती, अशी ती पद्धत होती. पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेननं अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ब्लूमच्या मोजपट्टीवर जिथे २ होते तिथे सुमारे ०.७९ उरले. म्हणजे फायदा आहे, चांगला आहे, पण जादू नाही. आणि जो आहे तो समोर एकच मूल बसवल्यानं आपोआप होत नाही. त्या मुलाचं काय चुकतंय हे पाहिल्यानं होतो.

तिसरा फायदा, 'परदेशी उच्चार'. यावर आम्ही जरा रागावलेलेच आहोत. जपान-कोरियातले विद्यार्थी कित्येक वर्षं फिलिपिन्समधल्या शिक्षकांकडून व्हिडिओ कॉलवर इंग्रजी शिकतायत. त्या शिक्षकांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यांनी स्वतः ती शिकलेली आहे आणि कुठे ठेच लागते हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे मात्र शिक्षकाचं नाव परदेशी वाटलं की तासाचा भाव वाढतो.

इथे आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. नववीतली मुलगी, मराठी शाळेतली. विषय होता 'माझे आजोबा'. ती म्हणाली, 'माय ग्रँडफादर आर अ फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह.' शिकवणारी बाई गोड होती, उच्चार सुरेख होते, मराठीचा गंध नव्हता. तिनं हसून वाक्य बरोबर करून परत म्हटलं, 'ग्रँडफादर इज. ही गेट्स अप.' मुलगी म्हणाली, 'येस मॅम.' आणि पुढचं वाक्य टाकलं, 'दे ड्रिंक टी.' असं चारपाच वेळा झालं. दर वेळी बाई हसून दुरुस्त करायची, दर वेळी मुलगी 'येस मॅम' म्हणायची. शेवटी मुलगी बोलायचीच थांबली. तासाच्या अहवालात शेरा आला, कर्ता-क्रियापदाचा सराव हवा.

नंतर त्याच मुलीला आमच्यातल्या एकीनं शिकवलं. तिनं पहिल्या 'दे'लाच तिला थांबवलं आणि सरळ मराठीत विचारलं, 'बाळा, तू दे का म्हणतेस?' मुलगी गोंधळली, मग हळूच म्हणाली, 'मॅडम, आजोबांना तो कसं म्हणायचं?'

(टाळ्या)

टाळ्या त्या मुलीसाठी. तिला व्याकरण येत नव्हतं असं नाही. ती आपल्या घरचं वळण इंग्रजीत नेत होती. मराठीत आजोबा 'आहेत', ते 'उठतात'. एकवचनात म्हटलं तर घरी ओरडा बसेल. शिक्षिकेनं तिला सांगितलं, की इंग्रजीत राजाबद्दल बोलतानाही 'ही'च म्हणतात, त्यानं मान कमी होत नाही. मुलगी खुदकन हसली. पुढची दहा मिनिटं आजोबा, त्यांची विहीर, म्हैस, गुडघेदुखी असं सगळं आलं. चुका झाल्या, पण 'दे' एकदाच आलं आणि तेही तिचं तिनंच दुरुस्त केलं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चूक दुरुस्त करायच्या तऱ्हा सारख्या नसतात. कॅनडात रॉय लिस्टर आणि लैला रँटा यांनी फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास केला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षक सगळ्यात जास्त वापरत होते ती तऱ्हा हीच, मुलाचं वाक्य गुपचूप बरोबर करून परत म्हणणं. आणि मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी मिळत होता तोही याच तऱ्हेला, जेमतेम ३१ टक्के वेळा. उलट शिक्षकानं वाक्य अर्धं सोडून किंवा प्रश्न विचारून मुलाकडूनच बरोबर रूप काढून घेतलं, तेव्हा मूल दर वेळी काहीतरी बोललं. साठ मुलांच्या वर्गात असं थांबून विचारायला सवड नसते. खासगी तासात असते. ती वापरायची नसेल तर तास खासगी कशाला?

दुसरी गोष्ट, मुलाची मराठी ही अडचण नाही, ती शिक्षकाच्या हातातली किल्ली आहे. मराठी मूल घरातून निघताना 'येतो' म्हणतं, म्हणून ते इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हणून बाहेर पडतं. (हशा) मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, म्हणून ते गाळतं. दोन वेगळे 'व' त्याच्या तोंडात एकच होतात. पण लिहिताना आपण 'व्हॅन' आणि 'वॉच' वेगळे लिहितोच की! ते लिपीतलं वेगळेपण शिक्षकानं दाखवलं तर उच्चाराला पाच मिनिटं पुरतात. म्हणून 'आमच्या तासाला मातृभाषेला मज्जाव' असं अभिमानानं सांगणाऱ्यांना आमचं सांगणं आहे, की तुम्ही मुलाच्या तोंडाला कुलूप घालताय आणि किल्लीही बाहेर फेकताय.

अजून एक फायदा आहे, जो जाहिरातीत सहसा नसतो आणि आम्हाला फार मोलाचा वाटतो. खासगी तासात चूक झाली तर हसायला मागे बाक नसतो. आपल्या वर्गांत इंग्रजी चुकलं की जी खसखस पिकते, ती किती मुलांचा आवाज कायमचा बंद करते, याचा हिशेब कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसतो. इथे बसलेल्यांपैकीही अनेकांना ते एक हसू आठवत असेल. पडद्यापलीकडे एकच माणूस असतो आणि तो आपल्या बाजूचा असतो. पण आई शेजारी बसून दर चुकीला कपाळाला हात लावत असेल, तर मागचा बाक घरातच आला म्हणायचा. आईबापांनो, तेवढा अर्धा तास खोलीबाहेर राहा.

आता आम्हाला विचारतात, की मग शिकवणी लावावी का? ऐपत असेल तर लावा, पण पहिल्या आठवड्यात एवढं बघा. तासात मूल किती बोललं? कालची चूक आज शिक्षकाला आठवते का? शिक्षक तोच राहतो, की दर तासाला नवा चेहरा? मूल अडलं तर मराठीत विचारू शकतं का? याची उत्तरं नीट मिळाली, तर प्रमाणपत्राकडे बघायची गरज नाही. नाही मिळाली, तर 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' ही पाटी तुमच्या पैशानं रंगवली जातेय असं समजा.

आणि ज्यांची ऐपत नाही त्यांचं काय? हा प्रश्न सोडून आम्हाला इथून उठता येणार नाही. खासगी शिकवणीचा एक तोटा असा, की ती चांगली चालली की शाळेवरचा दाब कमी होतो. बोलणं बाहेर शिकतील असं शाळा गृहीत धरते, आणि बाहेर जाऊ न शकणारी मुलं गप्पच राहतात. शिकवणीतलं जे चांगलं आहे ते वर्गात आणता येतं, त्याला पैसेही लागत नाहीत. त्याच ६० मुलांच्या ३० जोड्या करा. दहा मिनिटं आपसांत बोलू द्या. प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंदांऐवजी पाच मिनिटं येतात. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातले सर डोकावतील, चुका होतील. होऊ देत. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत मुलांना नकाशे आणि वेळापत्रकं देऊन त्यांतली कोडी सोडवायला लावली आणि त्या खटपटीतून इंग्रजी शिकवलं. त्यासाठी ना हेडफोन लागला, ना रेंज. जोडीतल्या मुलाला शिक्षकाइतकं येत नाही, हे खरं. पण त्याच्यासमोर चुकायची लाज कमी वाटते, आणि बोलायला सुरुवात तिथूनच होते.

तेव्हा शिकवणी खासगी असो की शाळेतली, ऑनलाइन असो की फळ्यासमोरची, तास संपला की मुलाला 'आज काय शिकलास?' असं विचारू नका. 'आज तू काय बोललास?' असं विचारा. उत्तर 'येस मॅम' आलं, तर शिक्षकांशी बोलायची वेळ झालीय. आजोबांची म्हैस आली, तर पैसे वसूल.

आम्ही इथे थांबतो. बराच वेळ आम्हीच बोललो, म्हणजे आमच्याच कसोटीवर हा तास नापास. (हशा) आता तुम्ही बोला. मागच्या रांगेतल्यांपासून सुरुवात करू.