‘मेटानोएओ’ आणि ‘पश्चात्ताप’ : मराठी बायबलमधील एका क्रियापदाची चिकित्सा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील ख्रिस्ती परंपरेत जालन्याजवळील बेथेल या वसाहतीला आणि तिचे संस्थापक नारायण शेषाद्री यांना महत्त्वाचे स्थान आहे. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले. एकाच घरात ‘परतणे’ या क्रियेचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. या पार्श्वभूमीवर नव्या करारातील ‘मेटानोएओ’ या ग्रीक क्रियापदाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
मार्क १:१५ मधील या क्रियापदासाठी मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. ‘मेटा’ म्हणजे नंतर आणि ‘पश्चात्’ म्हणजेही नंतर. इथवर दोन्ही शब्द समांतर चालतात. पुढे मात्र ग्रीक शब्द ‘नोएओ’कडे, म्हणजे जाणण्याकडे वळतो, तर संस्कृत शब्द तापाकडे, म्हणजे जळण्याकडे. अर्थात केवळ व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नाही. जेम्स बार यांनी १९६१ मध्येच हा इशारा दिला होता. सेप्टुअजिंट या ग्रीक जुन्या करारात हेच क्रियापद खेद व्यक्त करणाऱ्या ‘नाहम’ या हिब्रू धातूसाठी येते. म्हणून दुःखाची छटा त्यातून सर्वस्वी वगळता येत नाही.

निर्णायक पुरावा वापराचा आहे. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दुःख (‘लुपे’) आणि ‘मेटानोइया’ वेगळे मानतो. दुःख हे कारण, मेटानोइया हे फळ. यहूदाच्या पस्ताव्यासाठी मत्तय २७:३ मध्ये ‘मेटामेलोमाय’ हे वेगळेच क्रियापद आहे. मराठीत ‘पस्तावा’ हा ‘पश्चात्ताप’ याचाच तद्भव असल्याने हा भेद पुसट होतो. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये तर ‘मेटानोएओ’ला ‘वळणे’ या अर्थाच्या क्रियापदाची जोड आहे.

निष्कर्ष :
‘मन बदलणे’ हा पर्याय अपुरा आहे. व्यवहारात तो बेत बदलण्याइतका हलका झाला आहे. ‘प्रायश्चित्त’ विधीशी बांधलेले आहे. ‘पश्चात्ताप’ हा रुळलेला शब्द टाकून देण्याचे कारण नाही. मात्र करिंथच्या पत्रासारख्या स्थळी ‘मनपरिवर्तन’ अधिक न्याय्य ठरेल. अन्यथा वाचकाला हळहळ पुरेशी वाटेल आणि मूळ हाक ज्या वळणासाठी आहे, ते वळण राहून जाईल.