बुडालेल्या गलबतांचें मोल

बुडालेलें गलबत म्हटलें कीं आपल्या कथाकादंबऱ्यांना मोहोरांनीं भरलेली पेटीच आठवते. कल्पनेस ही मुभा असावी. परंतु कायद्याचेंहि लक्ष त्याच पेटीवर खिळावें, हें आम्हांस घातक वाटतें.

गोव्याच्या समुद्रांत दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं धुंडाळलेल्या दोन जागा पाहाव्यात. सुंची खडकाजवळ सतराव्या शतकाच्या आरंभींच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत, चिनी भांडीं. अशा मालास गिऱ्हाईक सहज मिळतें. सेंट जॉर्ज खडकाजवळ मात्र सांपडल्या त्या विटा, कौलें आणि खांबांचे मातीचे भाग. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का व १८६५ हा आंकडा. नीरेच्या कालव्याकांठीं राहणाऱ्या आम्हांस समुद्र दूरचा. पण मंगळुरी कौल घरचें. बाजारांत जुन्या कौलास कोण विचारतो? तथापि जहाजाचा सांगाडा नाहींसा झाला असतां, तें १८६५ नंतरचें होतें व कोठला माल वाहत होतें, हें या कौलांनींच सांगितलें. हौसेनें कोणी तीं उचलून दिवाणखान्यांत मांडलीं असतीं, तर कौलें उरलीं असतीं आणि जहाज गेलें असतें.

१७५२ सालीं बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजावरील चिनी भांडीं १९८५ त वर काढून १९८६ त ॲम्स्टरडॅमला लिलावांत विकलीं गेलीं. कोणी म्हणेल, काढणाऱ्यानें पैसा व जीव धोक्यांत घातला नसता तर तीं तळाशींच राहिलीं असतीं. हें खोटें नाहीं. परंतु जो विकण्यासाठीं काढतो तो विकेल तेवढेंच जपतो. कोणती वस्तु कोणत्या वस्तूजवळ होती, ही साक्ष मोडली कीं पुन्हां जुळत नाहीं.

आपल्याकडील १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याची दृष्टि मालक व मेहनताना यांवरच होती. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें शंभर वर्षांची अट घातली. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; त्या दिवशीं कोणा उतारूच्या हातीं असलेला नवाकोरा डबा २०४७ पर्यंत पुराणवस्तु ठरणार नाहीं! शोकास अशी मुदत नसते.

युनेस्कोच्या २००१ च्या करारानें अवशेष प्रथम जागेवरच राखावेत व त्यांचा व्यापार करूं नये, असें तत्त्व मांडलें. शंभर वर्षांची अट त्यांतहि आहे. पण वस्तूआधीं जागा जपावी, ही त्याची दृष्टि आम्हांस मान्य आहे. मात्र जाळ्यांत कांहीं सांपडून तें कळविणाऱ्या कोळ्यास बक्षीस व श्रेय दोन्ही मिळालीं पाहिजेत. नुसत्या शिक्षेच्या भयानें तो तें मुकाट्यानें विकील, अथवा पुन्हां समुद्रांत टाकील. मग कायदा शाबूत राहील, आणि इतिहास दुसऱ्यांदा बुडेल.