शाळा जवळ आहे, मग हक्क कशाला?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना एक शिस्त लावत असू. एखाद्या मताचं खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष मांडा, आणि तोही प्रामाणिकपणे मांडा. आज तीच शिस्त पाळून आपण शिक्षणहक्क कायद्याखालच्या एका नियमाकडे बघू.

२००९ च्या या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी, अल्पसंख्याक संस्था सोडून, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. फीचा परतावा शासन करतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला हे बंधन नाही.

आता पूर्वपक्ष. सरकारी शाळांचे वर्ग रिकामे होताहेत. तिथे शिक्षक आहेत, पगार चालू आहेत. मग त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेला सरकारने पैसे का द्यावेत? हे म्हणणं टाकाऊ नाही, बरं का. आमच्या पिढीतले पुष्कळ जण जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकले.

पण इथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. परिसरात शाळा उपलब्ध करून देणं हे सरकारचं काम; ते कलम ६ सांगतं. कलम १२ चा प्रश्न वेगळा आहे : जी शाळा आहे, तिच्या बाकावर कोणाशेजारी कोण बसणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. महाडचा १९२७ चा सत्याग्रह काही दुसरीकडे पाणी मिळत नव्हतं म्हणून झाला नाही. 'तुमच्यासाठी तिकडे सोय आहे' हा युक्तिवाद महाराष्ट्राने पूर्वीच ऐकलेला आहे.

शिवाय शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा बहुधा सापडतेच. म्हणजे अपवादच नियमाला गिळणार. कायदा संसदेचा, नियम राज्याचा. नियमाने कायद्याचा तपशील भरायचा असतो, आशय पुसायचा नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली, जुलैत तो रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

तर मग आपण जिंकलो का? आम्हाला तसं वाटत नाही. परतावा थकल्याच्या शाळांच्या तक्रारी जुन्याच आहेत, आणि त्या रागाची झळ वर्गातल्या मुलालाच लागते. दुसरं असं, की २०२० चं शैक्षणिक धोरण ३ ते १८ वयाची भाषा करतं. कायदा मात्र ६ ते १४ वरच थांबला आहे. आठवी झाली की हक्क संपला. आठ वर्षं शेजारी बसलेला मित्र त्याच शाळेत नववीत जातो, आणि हा मुलगा आईबरोबर फीचा आकडा विचारायला ऑफिसच्या खिडकीशी उभा राहतो.

न्यायालयाने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं. पण सोबत बसणं हाच जर या हक्काचा अर्थ असेल, तर तो आठवीच्या निकालाबरोबर का संपावा? हा पूर्वपक्ष अजून कोणी नीट मांडलेला आम्ही ऐकलेला नाही. तुमच्यापैकी कोणी मांडणार असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.